खराटा

एकोणीस वर्षं वेणूबाई कुमरेनं
या रोपवाटिकेचे वाफे झाडले.
शेंदुरजनाघाटच्या अलीकडे, नाल्याला लागून,
जंभेरीच्या खुंटांच्या चव्वेचाळीस रांगा
आणि मधल्या मातीवर खराट्याच्या रेघा,
जणू कुणी रोज पहाटे पान आखून ठेवतं.
गिऱ्हाईक यायचं मोर्शीहून, काटोलहून.
आधी माती पाहायचं, मग कलम.
स्वच्छ हाये म्हणायचं
आणि गाडी भरायचं.

मी आलो पदविका घेऊन.
भिंग, पिवळे चिकट पत्रे, एक वही.
म्हटलं, आता झाडू नका.

'मंग मी काय करू?'

बावीस रांगांत चंदेरी कागद अंथरला,
ताणून, कडा मातीत दाबून.
सायला येतो नवतीच्या वासानं,
आभाळ पाठीवर धरून उतरतो.
इथं खालीही आभाळ.
कुठं टेकावं ते त्याला कळेना.
वहीत हे एवढंच आहे:
पत्रा सातवा, दुसरा आठवडा, अकरा.
शेजारच्या झाडलेल्या मळ्यात त्रेसष्ट.
वहीत नाही ते असं, की
कलमांना डोळे बांधणाऱ्या बायांचेच डोळे
त्या उजेडानं सुजले,
आणि रोपं गुडघ्याला लागली तशी
त्यांच्या सावलीनं खालचं आभाळ
हळूहळू विझवत नेलं.

उरलेल्या बावीस रांगांत कुटार.
सोयाबीनचं, थोडं तुरीचं.
वेणूबाईनंच पसरलं,
पाहुण्यापुढं उष्टं ताट ठेवावं
तसं तोंड करून.

सदतिसाव्या रांगेला उधई लागली.
तेहतीस खुंट गेले.
शेषराव फुसे धुऱ्यावर उभे राहून
ते मोजत होते, मोठ्यानं, पुन्हा पहिल्यापासून.
मी बोललो नाही. वेणूबाई बोलली नाही.
खराटा पंपाच्या खोलीत उभा होता,
त्याच्याकडे तिघांनीही पाहिलं.
मग खोडापासून चार बोटं कुटार मागं सारलं,
जे मला पहिल्याच दिवशी
सांगता आलं असतं.

मार्च. लाईन रात्री साडेबाराला यायची.
पाणी फिरवायला ती गेली, कपाळाशी बॅटरी धरून,
आणि तिकडूनच ओरडली,
'बापू, या दिवसांत दव पडते काय?'

कुटारभर हिरवे ठिपके.
सुईच्या टोकाएवढे, दोन दोन.
मी काही म्हणायच्या आत
त्यातलं एक दव पाय काढून चालू लागलं.

कोळी होते. शेकड्यानं.
पानावरून घसरलेल्या अळीला टपलेले,
एकीच्या पाठीवर लेकरांचा गठ्ठा.
काडी उचलली तर खाली काळे भुंगेरे पळाले,
ओल होती, बुरशीचा गोड वास होता,
आणि वरच्या पानांवर ढालकिडे
मावा खाऊन जागच्या जागी निजलेले.

ती बसली. बराच वेळ बसली.
पाटाचं पाणी बांध फोडून नाल्याकडे गेलं,
कुणाला भान नव्हतं.

'म्हणजे एकोणीस वर्सं
मी यायचंच घर झाडत होती?'

माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.
मी म्हटलं, मावशी, पाणी चाललं.

काटोलचं गिऱ्हाईक आलं पाडव्यानंतर.
चपलेच्या टोकानं कुटार उकरत म्हणालं,
'कचराच कचरा दिसते यंदा.'
शेषरावांनी माझ्याकडे पाहिलं.
वेणूबाई पुढं झाली, मूठभर कुटार उचललं
आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.
त्यानं झटकून टाकलं, किंचाळलाच जरा.
अर्धी गाडी भरली त्यानं. अर्धी रिकामी नेली.

ती अजून झाडते.
फाटकापासून विहिरीपर्यंतची वाट,
पंपाच्या खोलीपुढचं अंगण.
रेघा तशाच, सरळ, पहाटेच्या.
पहिल्या रांगेशी येते
आणि चार बोटं अलीकडे
खराटा उचलून घेते.